उरलेली एक शक्यता

पावणेअकराच्या सुमारास तिप्पण्णाच्या स्क्रीनवर एका ओळीखाली लाल नागमोडी रेघ उमटली, आणि चहाच्या कपाकडे निघालेला त्याचा हात वाटेतच थांबला. रेघेत तसं नवल काही नव्हतं. गेल्या तीन आठवड्यांत अशा रेघा त्यानं शेकड्यांनी पाहिल्या होत्या. कंस राहिला, ओळ एक घर पुढं सरकली, आकडा हवा तिथं अक्षरं पडली. त्या रेघांचा राग यायचा, पण डास चावल्यावर येतो तेवढाच. ही रेघ निराळी होती. कर्सर तिच्यावर नेल्यावर जी पट्टी उघडली तिच्यात इंग्रजीतून शांतपणे लिहिलं होतं, की तू मांडलेल्या शक्यता पुऱ्या नाहीत. उदाहरणार्थ, पिशवी 'राखीव' असताना तपासणीचा निकाल 'सदोष' आला तर काय करायचं, ते तू सांगितलेलं नाहीस. तिप्पण्णानं ते दोनदा वाचलं. मग स्वतःशीच, पण शेजारच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "असं होतच न्हाय."

एरवी ऑफिसात तो असं बोलत नसे. एक्कावन्नावं वर्ष चालू होतं. तिशी उलटायच्या आत 'न्हाय'चं 'नाही' करून तो शहरात रुळला होता. अक्कलकोटच्या पुढं, जिथं बसमधली अर्धी माणसं कानडीत भांडतात आणि मराठीत तिकीट मागतात, तिथलं त्याचं गाव. घरी शेरडं-मेंढरं, चार एकर माळ. तिथून तो पॉलिटेक्निकला सोलापूरला आला, कॉम्प्युटर शिकला आणि होटगी रोडवरच्या या दुसऱ्या मजल्यावर, खाली चादरी-टॉवेलचं दुकान असलेल्या इमारतीत, वीस वर्षांपूर्वी त्यानं शहरातल्या एका रक्तपेढीसाठी प्रोग्रॅम लिहिला. एकट्यानं. रक्ताची पिशवी आली, तपासली, कुणासाठी राखून ठेवली, दिली, बाद केली. पिशवीचा सगळा प्रवास त्या प्रोग्रॅममधून होत असे. वीस वर्षांत तो एकदाही बंद पडला नव्हता. कंपनीत नवीन माणूस आला, की कुमार त्याला तिप्पण्णाच्या टेबलापाशी आणून सांगायचा, "हे आमचे तिप्पण्णाकाका. ह्यांचा प्रोग्रॅम माझ्या लग्नाच्या आधीपासून चालतोय." कुमार मालकाचा मुलगा, आता स्वतःच मालक. तिप्पण्णा अशा वेळी मान खाली घालून काहीतरी टाइप करत राही. पण ती बोटं काही लिहीत नसत, नुसती हलत असत, कारण छातीत काहीतरी भरून आलेलं असे आणि हात मोकळे ठेवले तर ते चेहऱ्यावर दिसेल असं त्याला वाटे. वडील, ईरप्पा, एकदा त्याच्याबरोबर रक्तपेढीत आले होते. प्रिंटरमधून निघालेली चिठ्ठी दोन्ही हातांत धरून म्हणाले होते, "ह्ये तू लिवलंस व्हय?" तो म्हणाला, "मशीननं लिवलं, पर माझं ऐकून लिवलं." त्यावर म्हातारा थोडा वेळ चिठ्ठीकडंच बघत राहिला आणि म्हणाला, "लई झालं की मग. हितं आमचं कोन ऐकतंय."

मशीन ऐकतं, हे सुख होतं. आणि ही नवी भाषा ऐकत नव्हती. एफ शार्प तिचं नाव. ती आफरीननं आणली. आफरीन सत्तावीस वर्षांची, कुंभारीच्या कामगार वसाहतीतून रोज स्कूटीवर येणारी, बोलायला मऊ आणि मुद्द्यावर आली की दगड. जुन्या प्रोग्रॅमची भाषा आता कुणी सांभाळत नव्हतं, नव्या मशीनवर तो चालायला कुरकुरत होता. तेव्हा तो नव्यानं लिहायचा ठरला, आणि आफरीन म्हणाली, नव्यानंच लिहायचाय तर फंक्शनल पद्धतीनं लिहू या, म्हणजे एकेका कामाची छोटी फंक्शन एकमेकांना जोडून. कुमारनं तीन महिने बघू म्हटलं. पहिले दोन महिने तिप्पण्णा त्या वाटेला गेला नाही. नंतर कुमारनंच त्याला पिशवीच्या प्रवासाचा तुकडा लिहायला सांगितलं, कारण तो प्रवास त्याच्याइतका कुणालाच ठाऊक नव्हता. पहिल्या आठवड्यात त्याला कोंडल्यासारखं झालं. जुन्या प्रोग्रॅममध्ये 'चालू पिशवी' नावाची एक जागा होती. जी पिशवी समोर असेल ती तिच्यात ठेवायची, मग हवी तिथून ती बदलायची. इथं तशी जागाच नव्हती. एकदा एखाद्या गोष्टीला नाव दिलं, की ती बदलायची नाही. "पिशवी बदलायची नाही, सर," आफरीन म्हणाली होती. "जुनी तशीच राहते. फंक्शनला जुनी द्यायची, ते नवी परत देतं." "म्हणजे एका पिशवीच्या धा पिशव्या?" "हो. आणि दहाही दिसतात. कधी काय झालं ते पुसलं जात नाही." तो हसला होता. पण त्या संध्याकाळी घरी जाताना, सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलेला असताना, त्याला अचानक ते पटलं होतं. डोक्यात कुठंतरी कडी निघाल्यासारखं झालं होतं, आणि मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवेपर्यंत सिग्नल हिरवा झाल्याचं त्याला कळलं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात मोठाली फंक्शन तोडून त्यानं लहान लहान केली, एकातून निघालेलं दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. त्याचे चाळीस ओळींचे लूप सहा ओळींत बसू लागले. आवडू लागलं होतं, पण ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. कारण काल कुमारनं त्याला केबिनमध्ये बोलावून, दार लोटून म्हटलं होतं, "काका, उद्या चारला मीटिंग ठेवलीय. ही भाषा ठेवायची की नाही, त्यावर. सोलापुरात ही येणारी माणसं आणायची कुठून? आफरीन उद्या पुण्याला गेली तर मी काय करू? तुम्ही फक्त 'जमत नाही' म्हणा. तुम्ही म्हणालात तर तिलाही पटेल." आणि तिप्पण्णा म्हणाला होता, बघू. म्हणताना त्याला बरं वाटलं होतं. आपल्या एका शब्दावर अजून काही अडतं, याचं ते बरं वाटणं होतं, आणि ते तोंडात रात्रभर गोड राहिलं होतं.

"सर, काय झालं?" आफरीन खुर्ची सरकवत जवळ आली. त्यानं रेघ दाखवली. "हे होत नाही. राखीव म्हणजे डॉक्टरांनी पेशंटच्या नावानं धरून ठेवलेली पिशवी. ती तपासून झालेलीच असते." "कधीच आधी धरून ठेवत नाहीत? घाईच्या वेळी?" तो खुर्चीत मागं टेकला. "घाईच्या वेळी ठेवतात. निकाल यायच्या आधी. पण निकाल आल्याशिवाय देत नाहीत." "मग निकाल वाईट आला तर?" "तर..." त्यानं कर्सर पुन्हा त्या रेघेवर नेला. आफरीन सहज म्हणाली, "जुन्यात तुम्ही काय लिहिलं होतं, ते बघा ना एकदा. तेच इथं लिहू."

जुनी फाइल उघडायला त्याला शोधावं लागलं नाही. चार हजार ओळींत कुठं काय आहे ते त्याला आपल्या घरातली भांडी कुठल्या फळीवर आहेत तसं ठाऊक होतं. निकाल चांगला असेल तर पिशवी देण्याजोगी कर. निकाल सदोष असेल आणि पिशवी साठ्यात असेल, तर बाद कर. आणि त्याखाली: बाकी काही असेल तर जसं आहे तसं राहू दे. शेजारी त्याच्याच हातची टीप होती, 'इतर. काही करू नये.' तो त्या चार शब्दांकडं बघत राहिला. खाली रस्त्यावर कुणीतरी टॉवेलचे गठ्ठे टेम्पोत फेकत होतं. प्रत्येक गठ्ठ्याचा बद्द असा आवाज वरपर्यंत येत होता. राखीव पिशवी. निकाल सदोष. दोन्ही अटींत न बसणारी. बाकीमध्ये पडणारी. जसं आहे तसं. म्हणजे राखीवच. आणि देण्याच्या खिडकीत प्रोग्रॅम काय विचारतो? पिशवी राखीव आहे का, पेशंटचं नाव जुळतं का. एवढंच. नाव जुळलं की चिठ्ठी छापून निघते. वीस वर्षं ती वाट उघडी होती.  

तो आफरीनला काही बोलला नाही. रक्तपेढीच्या नोंदींची प्रत कंपनीच्या मशीनवर होती. त्यानं त्यातून फक्त अशा पिशव्या मागवल्या, राखीव असताना सदोष ठरलेल्या. उत्तर यायला पाऊण मिनिट लागलं असेल. तेवढ्यात त्याला वाटून गेलं, की एकही येणार नाही. आणि मग वाटलं, की पाचशे येतील. आणि मग गावाकडं उन्हाळ्यात विहिरीत उतरताना पायाखाली पायरी सापडेपर्यंत जसं वाटायचं तसं वाटलं. सात आल्या. सात पिशव्या, वीस वर्षांत. त्यानं पहिलीचा पुढचा प्रवास उघडला. दिलेली नव्हती. बाद केलेली होती, हातानं. कारण: 'पिशवी फुटली'. दुसरी, पिशवी फुटली. तिसरी, चौथी. सातही. सहा पिशव्यांवर बाद करणाऱ्याचं नाव एकच होतं, हुसेनसाब. सातवीवर दुसरं कुणाचं तरी, दोन वर्षांपूर्वीचं.

हुसेनसाब. रक्तपेढीतला तपासणीचा माणूस, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेला. चार वर्षांपूर्वी निवृत्त झाला. तिप्पण्णाला त्याचा चेहरा लगेच आठवला, आणि त्या चेहऱ्याच्या मागोमाग एक दुपार आठवली, जी आपल्याला आठवते हेच त्याला माहीत नव्हतं. कंपनीत पंख्याखाली उभा राहून हुसेनसाब सांगत होता, "तिप्पण्णासाब, राखीव पिशवीचा निकाल वाईट आला, तर कम्प्युटर काही बोलत नाही. जरा बघता का?" आणि आपण, पस्तिशीतला, कुणीतरी कौतुक करून नुकताच गेलेला असा आपण, म्हणालो होतो, "प्रोग्रॅम बरोबर आहे, हुसेनसाब. तुमच्या बोटात काहीतरी घोळ असेल." तो हसला होता. "हौ, असेल." पुन्हा त्यानं कधी विचारलं नाही. आणि राखीव पिशवी बाद करायला प्रोग्रॅमनं कारणंच एक ठेवलं होतं, फुटली. कारण आपल्या डोक्यात राखीव पिशवी दुसऱ्या कशानं वाया जाऊच शकत नव्हती. एका वर्षी रक्तपेढीच्या कार्यक्रमात, सगळ्यांच्या समोर, आपण म्हणालोही होतो, पिशव्या फुटतात त्या नेमक्या हुसेनसाबच्याच हातून कशा? लोक हसले होते. हुसेनसाबही हसला होता. त्याच्या हातून एकही पिशवी फुटलेली नव्हती.

वाईट असं, की कुणाला काही झालं नव्हतं. म्हणजे चांगलंच, पण त्यामुळं गप्प बसणं फार सोपं होतं. नव्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ लिहायची, रेघ जाईल. जुना दोन महिन्यांत बंद होईल. 'जमत नाही' म्हटलं, तर नवाच बंद होईल आणि ही फाइल कुणी उघडायचंही नाही. हे सगळं त्याच्या मनात क्रमानं आलं नाही, एकदम आलं, दार उघडल्यावर धूळ येते तसं. त्यानं लाल रेघेकडं पाहिलं. ती तशीच होती. तिला वीस वर्षांचं काही देणंघेणं नव्हतं, कार्यक्रमातलं हसणं नव्हतं, पंख्याखालचा हुसेनसाब नव्हता. तिनं फक्त सगळ्या शक्यता मांडून एक उरलीय असं म्हटलं होतं. हुसेनसाबनं तेच म्हटलं होतं. फरक एवढाच की हुसेनसाबला 'बोटात घोळ' म्हणता आलं होतं. आणि हे लक्षात आल्यावर तिप्पण्णाला आश्चर्य वाटलं, की आपल्याला लाज वाटतेय खरी, पण तिच्या बुडाशी काहीतरी ताठ उभं राहतंय. ही चूक आपल्याला सापडली. हुसेनसाबनं दाखवली तेव्हा दिसली नव्हती. आपण लिहीत होतो म्हणून सापडली. सगळ्या शक्यता मांडायला आपण बसलो नसतो, तर यंत्रानं तरी कशावर बोट ठेवलं असतं?

मग तो झपाट्यानं उठला. जेवणाचा डबा तसाच राहिला. आफरीननं कडक भाकरीचा तुकडा आणि शेंगाचटणी पुढं केली ती त्यानं उभ्यानंच खाल्ली, चव न कळता. आधी रक्तपेढीच्या मुख्य डॉक्टर बाईंना फोन. शब्द जुळवलेले नव्हते. "मॅडम, माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक आहे. राखीव पिशव्या आज चिठ्ठीवर देऊ नका, निकालाचा कागद बघून द्या. तासाभरात दुरुस्ती पाठवतो."  मग बाईंनी विचारलं, "किती दिवसांपासून आहे?" "पहिल्यापासून," तो म्हणाला.  जुन्या प्रोग्रॅममध्ये त्यानं तीन ओळी घातल्या, पुन्हा पुन्हा तपासल्या, पाठवल्या. मग नव्याकडं आला आणि उरलेली शक्यता लिहिली: राखीव आणि सदोष, तर बाद कर, कारण खरं लिही, आणि ज्या पेशंटसाठी धरली होती त्याच्यासाठी दुसरी शोध. तेवढ्यावर तो थांबला नाही. आफरीनला शेजारी बसवून त्यानं पिशवीचे प्रकारच बदलले. तपासून चांगली ठरलेली पिशवी हा आता वेगळा प्रकार झाला, आणि पिशवी देणारं फंक्शन फक्त तोच प्रकार घेईल असं त्यानं ठरवलं. मग मुद्दाम त्या फंक्शनला न तपासलेली पिशवी देऊन पाहिली. लाल रेघ. सदोष देऊन पाहिली. लाल रेघ. चुकीचं वागणं पकडायची गोष्टच उरली नव्हती. ते लिहिताच येत नव्हतं. आफरीन म्हणाली, "सर, हे मला सुचलं नव्हतं." तिच्या आवाजात कौतुक होतं, आणि तिप्पण्णाचे हात कीबोर्डवर स्थिर होते.

चारला कुमारच्या केबिनमध्ये तिघंच होते. कुमारनं पेन टेबलावर आडवं ठेवलं. "बोला काका. तीन आठवडे झाले. जमतंय का?" आणि डोळ्यांनी कालची आठवण दिली. तिप्पण्णानं सगळं सांगितलं. फाइल, सात पिशव्या, हुसेनसाबची दुपार, दुरुस्ती, फोन. कुमारचा चेहरा आधी गोंधळला, मग कडक झाला. "तुम्ही मला न विचारता रक्तपेढीला फोन केला?"

"पिशव्या तिथं आहेत, कुमार. विचारण्यात एक तास गेला असता."

"त्यांना कळायची काय गरज होती? कुणाला काही झालेलं नाही, तुम्हीच म्हणताय."

"ते माझ्या प्रोग्रॅममुळं टळलं नाही. एका माणसानं होऊ दिलं नाही."

आफरीन खाली बघत होती. कुमारनं पेन उचलून पुन्हा आडवं ठेवलं. त्याच्यामागच्या भिंतीवर त्याच्या वडिलांचा फोटो होता, पण तिप्पण्णा खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळणाऱ्या चादरींकडं बघत होता. लाल, हिरव्या, पिवळ्या. "ठीक आहे," कुमार शेवटी म्हणाला, आवाज उतरलेला. "बाईंशी मी पण बोलतो. पण माझा प्रश्न तसाच आहे. ही भाषा येणारी माणसं कुठून आणू?"

"आणायची कशाला? मला एक्कावन्नाव्या वर्षी तीन आठवड्यांत आली. हिनं शिकवली. पुढच्यांना मी शिकवीन. ही पुण्याला गेली तरी मी हितंच हाय की." शेवटचं वाक्य कसं बाहेर पडलं ते त्याच्या लक्षात आलं, आणि त्यानं ते सुधारलं नाही. कुमारला हसू आलं. नको असताना आलेलं हसू. "तुम्ही नाही म्हणणार होता, काका." "म्हणणार होतो," तिप्पण्णा म्हणाला. "सकाळी पावणेअकरापर्यंत."

हुसेनसाबचं घर विजापूर वेशीच्या आत होतं. ऊन कलतं झालं होतं, गल्लीत दुकानांच्या फळ्यांवर पाणी मारत होते. वाटेत त्यानं काय बोलायचं ते तीनदा मांडलं आणि तीनदा मोडलं. दार हुसेनसाबनंच उघडलं. केस सगळे पांढरे, पण काडीला दोरा तोच. तिप्पण्णानं चप्पल काढायच्या आधीच सांगून टाकलं. उभ्या उभ्या, उंबऱ्यावर. की तुम्ही सांगितलेलं बरोबर होतं. की तुमच्या बोटात घोळ नव्हता. की तुमच्या हातून एकही पिशवी फुटलेली नाही, आणि मी सगळ्यांसमोर तसं म्हणालो होतो. हुसेनसाबनं त्याला हाताला धरून आत घेतलं, पलंगावर बसवलं.

"कम्प्युटर बोलला म्हणून कोण पिशवी देतं का, साब?" तो म्हणाला. "माझी सवय होती. राखीव असली, की आधी निकालाचा कागद बघायचा. माझ्या जागेवर ज्या बाई आल्या, त्यांना पहिल्या दिवशी हेच सांगितलं."

"मला पुन्हा का सांगितलं नाही?"

हुसेनसाबनं चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "तुमी लई खूश होता तेव्हा प्रोग्रॅमवर. माणूस खूश असला, की ऐकत नाही. मग मीच बघत राहिलो." त्यात दोष नव्हता, टोचणी नव्हती, हवामान सांगावं तसं सांगितलं होतं, आणि म्हणूनच तिप्पण्णाला ते नीट लागलं.  मग म्हातारा पुढं सरकला. "नवा कसा आहे, ते सांगा." आणि तिप्पण्णा सांगू लागला. पिशवीचे प्रकार, एकाचा दुसरा कसा होतो, जुनी नोंद कशी पुसली जात नाही, आणि देणाऱ्या फंक्शनला न तपासलेली पिशवी दिली, तर प्रोग्रॅम तयारच कसा होत नाही. हुसेनसाब मध्ये मध्ये अडवून विचारत होता, नेमकं विचारत होता. निकाल दोनदा आला तर, पेशंटचं नाव बदललं तर. तिप्पण्णा एकेका प्रश्नाला उत्तर देत होता, आणि एकाला म्हणाला, "हे राहिलंय. उद्या बघतो," आणि खिशातल्या कागदावर लिहून घेतलं. असं म्हणायला आपल्याला काहीच जड गेलं नाही, हे त्याला लिहिताना जाणवलं.

आतून हुसेनसाबची बायको हुसेनबी चहा घेऊन आली. हुसेनसाबनं कप त्याच्या हातात दिला आणि तिच्याकडं वळून, गल्लीतल्यांनाही कळावं अशा आवाजात म्हणाला, "सुन, ये तिप्पण्णासाब. बोलताच था ना मैं. इनो अब ऐसा प्रोग्राम लिखे, जो 'नै' बोलता."

"किसकू?" हुसेनबीनं विचारलं.

तिप्पण्णानं कप बशीत ठेवला. पाठ सरळ करून तो म्हणाला, "मला. सगळ्यात आधी मला."